आजेसासऱ्यांची वही आणि मामांचा पंप

पत्र :

डॉक्टर मॅडम, नमस्कार. आम्ही साखर पेठेत राहतो. घराला लागूनच आमचे सहा माग आहेत, टॉवेल निघतात. माझे सासरे, म्हणजे मामा, ६६ वर्षांचे आहेत. बारा वर्षांपासून त्यांना दम लागतो, पहाटे खोकल्याची उबळ येते. डॉक्टरांनी दोन पंप दिलेत, एक रोजचा आणि एक दम लागेल तेव्हाचा. रोजचा मामा घेतच नाहीत. 'बरं वाटतंय तर कशाला? सवय लागते,' म्हणतात. दुसरा मात्र दिवसातून पाच-सहा वेळा ओढतात. विडी त्यांनी दहा वर्षांपूर्वी सोडली. आत्याबाई, म्हणजे सासूबाई, अजून घरी विड्या वळतात.

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरच्या ट्रंकेत आजेसासऱ्यांची वही सापडली. ते इथल्या एका मिलमध्ये कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या विभागात होते. त्यांनाही दमा होता. १९३८ पासून त्यांच्या डॉक्टरांनी काय काय सांगितलं, ते सगळं त्यांनी लिहून ठेवलंय. त्यात धोतऱ्याच्या पानांची विडी आहे, अडुळसा आहे, कोरी कॉफी आहे. आता मामा म्हणतात, 'आमच्या अप्पांनी चाळीस वर्षं काढली, कधी पंपाला हात लावला नाही. मलाही हेच करायचंय.' धोतरा त्यांनी वाळत घातलाय. मागे मामा पंधरा दिवस नणंदेकडे बार्शीला होते, तेव्हा एकदाही दम लागला नाही. ती भगवंताची कृपा, असं ते म्हणतात. रात्री तीन-चारदा लघवीला उठतात, तेही डॉक्टरांना सांगत नाहीत. वहीच्या पानांचे फोटो सोबत पाठवते. यातलं काय करू द्यावं आणि काय नको, सांगाल का?
— एक सून, सोलापूर

उत्तर :

ताई, सगळ्यात आधी तो धोतरा उचला. हे उत्तर पूर्ण वाचायच्या आधी उठा, पानं कागदात गुंडाळून मुलांच्या आणि जनावरांच्या हाती लागणार नाहीत अशी टाकून द्या आणि हात साबणाने धुवा. मग निवांत बसून पुढचं वाचा.

वहीची पानं मी दोन रात्री वाचली. माझे वडील सोलापुरातच एका दवाखान्यात कंपाउंडर होते. मिक्श्चरच्या बाटलीवर डोसाची खूण दाखवणारी कागदी पट्टी कात्रीने कापायची आणि खळीने चिकटवायची, हे काम लहानपणी माझ्याकडे असायचं. त्यामुळे 'तांबडे मिक्श्चर, तीन खुणा' हे तुमच्या आजेसासऱ्यांच्या अक्षरात वाचलं आणि तो वास नाकात आला. आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले, त्या १९३८ सालची ही वही. वही जपून ठेवा. ज्या डॉक्टरांनी हे सांगितलं ते मन लावून काम करणारे होते, हे पानोपानी कळतं. त्या काळी जगात कुठेही दमेकऱ्याला जे मिळालं असतं, ते जवळपास सगळं त्यांनी मिलमधल्या एका कामगाराला दिलं.

मामांना नेमकं हेच समजावून सांगायचं आहे. अप्पांनी पंप नाकारला नव्हता. वहीच्या बहुतेक काळात पंपच नव्हता. आज आपण पंप म्हणतो ती वस्तू १९५६ साली बाजारात आली. अमेरिकेतल्या एका औषध कंपनीच्या प्रमुखाच्या मुलीला दमा होता. तेरा वर्षांच्या त्या मुलीने वडिलांना विचारलं, की अत्तरासारखं माझं औषध फवाऱ्याच्या डबीत का भरत नाही? तिथून ते काम सुरू झालं. आज सर्रास वापरतात तो साल्ब्युटामॉलचा तातडीचा फवारा १९६९ चा. आणि मामा ज्या रोजच्या पंपाकडे पाठ फिरवतात, त्यातलं सूज उतरवणारं औषध फवाऱ्याच्या रूपात १९७२ मध्ये आलं. अप्पांच्या वहीतली शेवटची नोंद १९६३ ची आहे. त्यांच्या डॉक्टरांच्या हाती हा पंप असता तर त्यांनी तो पहिल्या पानावर लिहिला असता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

आता धोतऱ्याविषयी. वहीत लिहिलंय : 'धोतऱ्याची पाने सावलीत वाळवून सोऱ्याच्या पाण्यात भिजवून पुन्हा वाळवणे, विडी करून दोन झुरके.' ही थाप नव्हे. दम्यासाठी धोतरा ओढायची चाल आपल्याकडचीच आहे, आणि १८०२ च्या सुमारास मद्रासेतून एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने ती विलायतेला नेली. तिकडे पुढे शंभरहून अधिक वर्षं दम्याच्या सिगारेटी कारखान्यात बनून औषधांच्या दुकानात विकल्या जात होत्या. धोतऱ्यात ॲट्रोपीनसारखी द्रव्यं असतात, ती श्वासनळ्यांचे आवळलेले स्नायू सैल करतात. म्हणून अप्पांना दोन झुरक्यांत मोकळं वाटायचं. पण हीच द्रव्यं तोंड कोरडं पाडतात, बाहुल्या मोठ्या करतात, नाडी धावायला लावतात, जास्त झाली तर माणूस भ्रमिष्टासारखा बडबडायला लागतो, आणि लघवी अडते. मामा रात्री तीन-चारदा उठतात म्हणजे मूत्राशयाखालची प्रोस्टेट ग्रंथी वाढलेली असू शकते. अशा माणसाने धोतरा ओढला तर लघवी पूर्ण तुंबून मध्यरात्री नळी घालायला धावावं लागेल. काचबिंदूचा कल असेल तर डोळ्यालाही धोका. शिवाय एका झाडाच्या पानात किती विष आणि शेजारच्या झाडाच्या पानात किती, याचा काही मेळ नसतो. आणि हे सगळं पोचतं ते धुरातून, सुजलेल्या नळ्यांना आणखी चिडवत.

धोतऱ्यात जे कामाचं होतं ते शास्त्राने वाया जाऊ दिलेलं नाही. ॲट्रोपीनच्या रेणूत बदल करून इप्राट्रोपियम आणि त्यानंतर टायोट्रोपियम ही औषधं तयार झाली. ती फुप्फुसातच काम करतात, रक्तात फार कमी उतरतात, आणि पंपातून मोजून मिळतात. मामांच्या पंपावरचं नाव एकदा वाचून पाहा, कदाचित त्यातच धोतऱ्याचा हा पणतू बसलेला असेल. ही औषधंदेखील प्रोस्टेटवाल्याला थोडी जपून द्यावी लागतात. म्हणून लघवीची तक्रार डॉक्टरांना सांगायलाच हवी, त्यात लाजण्यासारखं काय आहे! पूजेला, सिद्धेश्वराला धोतऱ्याचं फूल जरूर वाहा. पान विडीत नको.

अडुळशाचं म्हणाल तर त्याची गोष्टही अशीच आहे. त्यातल्या व्हॅसिसिन या द्रव्यावरून १९६० च्या दशकात ब्रोमहेक्झिन तयार झालं. कफ पातळ करणाऱ्या कितीतरी बाटल्यांवर ते नाव तुम्हाला दिसेल. घरी केलेला अडुळसा-ज्येष्ठमधाचा काढा मामांना आवडत असेल तर कपभर घेऊ द्या, घशाला बरं वाटतं. मामांना साखर असेल तर मध जपून. बीपी असेल तर ज्येष्ठमध रोज नको, त्याने बीपी वाढतं. पण काढा घेतला म्हणून पंप चुकवायचा, असा व्यवहार नको.

कोरी कॉफी वाचून मला भरून आलं. लंडनचे डॉ. हाइड सॉल्टर स्वतः दमेकरी होते. त्यांनी १८६० मध्ये लिहून ठेवलंय, की दम्याच्या झटक्यात कडक काळी कॉफी उपाशीपोटी प्यावी. ते ज्ञान फिरत फिरत सोलापूरच्या एका कामगाराच्या वहीत उतरलं! कॉफीतलं कॅफिन आणि दम्याच्या गोळीतलं थिओफिलिन ही भावंडं आहेत. कॅफिनने नळ्या थोड्याशा आणि काही तासच मोकळ्या होतात. दवाखाना पाच कोस लांब असताना तो मोठा आधार होता. आज मामांनी कॉफी प्यावी ती चवीसाठी.

तांबड्या मिक्श्चरमध्ये पोटॅश आयोडाइड होतं, कफ सुटावा म्हणून. फार दिवस घेतलं की थायरॉईड बिघडू शकतो, ते आता विसरा. 'एफेड्रिन अर्धी गोळी' ही ज्या वनस्पतीतून आली ती चीनमध्ये हजारो वर्षं वापरात होती. या गोळीने छातीत धडधड व्हायची, झोप उडायची, बीपी चढायचं. आणि १९४७ च्या एका पानावर आहे ना, 'रात्री डॉक्टर टांग्याने आले, सुई दिली, दहा मिनिटांत छाती मोकळी', ती बहुधा ॲड्रिनॅलिनची सुई. त्या माणसाने रात्री-अपरात्री टांग्यातून येऊन तुमच्या आजेसासऱ्यांचा जीव वाचवलाय.

आता मला ज्या गोष्टीवर थांबायचंय तिकडे वळते.

ताई, वहीच्या समासात अप्पांनी जागोजाग छोटी फुली मारली आहे. तुम्ही पत्रात तिचा उल्लेख केला नाही, नक्षी समजून सोडून दिली असेल. मी त्या फुल्यांच्या तारखा जुन्या कॅलेंडरशी ताडून पाहिल्या. पहिल्या तीन वर्षांतल्या जवळजवळ सगळ्या फुल्या सोमवारच्या आहेत. एका फुलीपुढे लिहिलंय, 'छाती बांधल्यासारखी, बुधवारी उतरली.' मग १९४२ पासून मंगळवारीही फुल्या दिसतात, बुधवारीही. पुढे पुढे तर फुली मारायचंच त्यांनी सोडून दिलं.

हा नुसता दमा नव्हता. कापसाच्या धुळीने होणाऱ्या या आजाराला बिसिनोसिस म्हणतात, आणि सोमवारची जड छाती ही त्याची ओळखीची खूण. रविवारी मिल बंद, फुप्फुसं एक दिवस विसावतात. सोमवारी पुन्हा धूळ आत गेली की काही तासांत छाती आवळते आणि आठवडाभरात हळूहळू सैल होते. वर्षानुवर्षं हे चाललं की सोमवारचा मंगळवार होतो, मग रोजचंच होऊन बसतं, आणि तिथून फुप्फुस पूर्ण माघारी येत नाही. कार्डिंग खात्यात कापूस पिंजला-विंचरला जातो, धूळ तिथे सगळ्यात जास्त. बोंडाच्या वाळक्या पाल्याचा चुरा आणि त्यावरच्या जंतूंचं विष या धुळीत असतं. इटलीतले रामाझ्झिनी यांनी १७०० साली हेंप (भांगेच्या जातीचं झाड) आणि जवस यांचा धागा विंचरणाऱ्यांचा खोकला लिहून ठेवला होता. लँकेशायरच्या गिरण्यांत १९५० च्या दशकात डॉ. शिलिंग यांनी सोमवारच्या तक्रारीवरूनच या आजाराच्या पायऱ्या ठरवल्या. त्याच्या कितीतरी आधी इथे एक कामगार पेन्सिलीने समासात तीच पायरी आखत होता. त्याला कुणी सांगितलं नव्हतं की या फुल्यांना अर्थ आहे. मला हे वाचून रात्री झोप लागली नाही, खरंच सांगते. आज आपल्या कायद्यात बिसिनोसिस हा कामामुळे होणारा आजार म्हणून नोंदलेला आहे. विमा योजनेखालच्या कामगाराला त्यासाठी हक्काने दाद मागता येते. अप्पांच्या वाट्याला ते आलं नाही.

यावरून मामांच्या बार्शीचं कोडंही सुटतं. अप्पांच्या वहीत १९४० च्या उन्हाळ्यात 'हवापालट, गावी दोन महिने, छाती साफ' अशी नोंद आहे. त्या काळी छातीच्या प्रत्येक रोग्याला हवापालट सांगत. क्षयाच्या रोग्याला तर पाचगणीची, मिरजेची हवा हेच औषध समजत. पुढे १९५६ मध्ये मद्रासला एक मोठा प्रयोग सुरू झाला. क्षयाचे निम्मे रोगी सॅनेटोरियममध्ये ठेवले आणि निम्म्यांना त्यांच्या गरीब, दाटीच्या घरातच तीच औषधं दिली. दोन्हीकडचे रोगी सारखेच बरे झाले. गुण हवेचा नव्हता, औषधाचा होता. पण अप्पांच्या बाबतीत हवापालटाने खरंच फरक पडला, कारण गावी कार्डिंग खातं नव्हतं. बार्शीला घराला लागून माग नव्हते. भगवंताची कृपा आहेच, मामांच्या श्रद्धेला मी हात लावणार नाही. फक्त त्यांना एवढं विचारा, की ही कृपा साखर पेठेतही थोडी यावी म्हणून आपण घरात काय बदलू शकतो?

हे जुनंच ज्ञान आहे. चरकसंहितेत श्वासाच्या कारणांची यादी सुरू होते तीच 'रजसा धूमवाताभ्यां' अशी. आधी धूळ, मग धूर, मग वारा. माग बंद करा असं मी म्हणणार नाही, पोट त्यावर आहे. पण कारखाना आणि मामांची झोपायची खोली यांच्यामधलं दार बंद राहील, फटींना पट्टी लागेल, एवढं करा. मागावरचा भुरा हवेच्या पाइपने उडवतात तेव्हा मामा तिथे नकोत. शक्य असेल तर उडवूच नका, ओल्या फडक्याने पुसा किंवा व्हॅक्यूमने ओढा. घरात आधी ओलं पुसणं, झाडू नंतर आणि हलक्या हाताने. मामांना कारखान्यात जावंच लागलं तर एन-९५ मास्क, गमछा नाही. गमछ्याने बारीक धूळ थांबत नाही. मास्कने धाप वाढली तर तिथून बाहेर यायचं. तुमच्या मागांवर कामाला जे कामगार आहेत त्यांनाही मास्क द्या. सुट्टीनंतरच्या दिवशी त्यांच्यापैकी कुणाची छाती जड होते का, हे आपुलकीने विचारा.

आत्याबाईंच्या विड्या हा नाजूक विषय, मला कल्पना आहे. सोलापुरातल्या हजारो घरांची चूल त्यावर पेटते. त्यांनी काम सोडावं असं नाही, पण तंबाखूचं सूप मामांच्या खोलीतून उचलून ओट्यावर किंवा उघड्या जागी जाऊ द्या, तंबाखू झाकणाच्या डब्यात राहू द्या. ती धूळ आत्याबाईंच्याही छातीत जाते. त्यांना खोकला असेल तर त्यांचीही तपासणी करा. आणि आंघोळीच्या पाण्याचा बंब लाकडावर असेल तर तो पेटवताना मामा दूर. मच्छर अगरबत्ती, धूप, गड्ड्याच्या जत्रेतली धूळ आणि दारूकाम, शेताकडे गेलात तर पेटलेलं पाचट, हे सगळं मामांसाठी एकाच माळेतलं.

वहीतलं जे मी जसंच्या तसं ठेवेन, ते हे. 'रात्रीचे जेवण दिवेलागणीला, हलके.' अगदी बरोबर. भरल्या पोटी आडवं झालं की आम्ल घशाशी येतं आणि रात्रीचा खोकला वाढतो. 'कामावरून आल्यावर कपडे बाहेर झटकून स्नान.' सोन्यासारखा सल्ला, मामांसाठी आजही तोच. 'दम लागताच उठून बसणे, पुढे उशी घेऊन तिच्यावर हात टेकणे.' पुढे झुकून हात टेकले की श्वासाचे स्नायू नीट काम करतात, आज फिजिओथेरपिस्ट हेच शिकवतात. त्यात एक भर घाला : नाकाने श्वास घ्या आणि शीळ घातल्यासारखे ओठ करून सावकाश सोडा. केळं, दही, भात बंद असं डॉक्टरांनी वहीत लिहिलंय, ते सरसकट पाळू नका. ज्या पदार्थाने मामांना खरोखर त्रास झालेला दिसतो तेवढाच टाळा. या वयात वजन उतरलं तर श्वासाचे स्नायूच बारीक होतात.

आणि एक शब्द. वहीत पहिल्याच पानावर, बहुधा डॉक्टरांच्या तोंडचा, लिहिलेला आहे : 'हा रोग याप्य आहे.' मामांना हा शब्द समजावून द्या, कारण त्यांचा सगळा गोंधळ इथेच आहे. आयुर्वेदात रोग साध्य असतो, असाध्य असतो, आणि या दोहोंच्या मधे याप्य असतो. याप्य म्हणजे जो मुळापासून जात नाही, पण रोज सांभाळला तर माणूस नीट जगतो, आणि सांभाळणं सोडलं की उलटतो. तमकश्वास, म्हणजे आपण ज्याला दमा म्हणतो तो, चरकाने याप्य म्हटला आहे, नवा असेल तर साध्य. अप्पांच्या डॉक्टरांकडे रोज सांभाळायला नीट औषध नव्हतं, म्हणून त्यांनी राहणी दिली. मामांकडे औषध आहे. ते म्हणजे तो रोजचा पंप.

रोजचा पंप बरं वाटत असतानाच घ्यायचा असतो. दम्यात श्वासनळ्या आतून सुजलेल्या असतात. तातडीचा पंप त्या नळ्यांभोवतीचा आवळ सोडवतो, सुजेला तो हातही लावत नाही. सूज रोजच्या पंपाने उतरते, दिवसांनी आणि आठवड्यांनी. मामा दिवसातून पाच-सहा वेळा तातडीचा पंप ओढतात, हे त्यांची सूज वाढत असल्याचं लक्षण आहे. १९६० च्या दशकात इंग्लंडमध्ये आणि इतर काही देशांत जास्त ताकदीचे तातडीचे पंप आले आणि दमेकऱ्यांचे मृत्यू कमी व्हायच्या ऐवजी वाढले. त्या आरामावर विसंबून लोक घरीच थांबत, हे त्याचं एक कारण सांगतात. २०१९ पासून तर दम्याच्या जागतिक मार्गदर्शक सूचना मोठ्या माणसांना नुसता तातडीचा पंप द्यायलाच नको म्हणतात.

'सवय लागते' याला माझं उत्तर आकड्यात आहे. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. तेच औषध गोळीतून घेतलं तर एका गोळीत ४ मिलिग्रॅम, म्हणजे चाळीस फवाऱ्यांइतकं, आणि ते सगळ्या अंगभर फिरतं. पंप हा सगळ्यात थोडक्यात भागवणारा मार्ग आहे. चष्म्याची सवय लागते असं म्हणून मामा चष्मा काढून सूत निवडतात का?

पंप घेण्याची पद्धतही एकदा बघा. बहुतेकांचं औषध टाळूवरच बसतं. स्पेसर आणा, म्हणजे पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी. डबी हलवायची, श्वास पूर्ण सोडायचा, स्पेसर ओठात घट्ट धरायचा, एकदाच दाबायचं, सावकाश खोल ओढायचं, मनात दहा मोजेपर्यंत धरायचं. दुसरा फवारा मिनिटभराने. रोजच्या पंपानंतर खळखळून चूळ भरून थुंकायची, नाहीतर तोंडात पांढरी बुरशी येते. स्पेसर लावून सावकाश ओढायची ही रीत पावडरच्या पंपाला लागू नाही, त्यात जोरात ओढावं लागतं. मामांचा कोणता आहे ते दुकानदाराकडून नाही, डॉक्टरांकडून समजून घ्या.

एक गोष्ट मी घरातली सांगते. माझ्या काकांना कुणीतरी बाहेरगावचा जालीम उपाय सांगितला. बिननावाच्या पुड्या होत्या. आठ दिवसांत काका जिना चढायला लागले, सगळे आनंदात. वर्षभरात चेहरा गोल झाला, साखर वाढली, आणि बाथरूममध्ये साधं घसरून मांडीचं हाड मोडलं. पुडीत स्टेरॉइड कुटून घातलं होतं. मामांना कुणी अशी पुडी आणून दिली तर घेऊ देऊ नका. आधीच घेत असतील तर एकदम बंदही करू नका, तेही जिवावर बेततं. पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता मामांना कसं वळवायचं? त्यांच्याशी वाद घालू नका. वडिलांवरच्या प्रेमापोटी ते अडून बसलेत. वहीची शेवटची पंधरा पानं त्यांना संध्याकाळी शेजारी बसून वाचून दाखवा. 'आज रात्र बसून काढली.' 'खुर्चीत झोपलो.' 'सिद्धेश्वरापर्यंत जाणे झाले नाही, तळ्यावरून हात जोडले.' अप्पांनी चाळीस वर्षं काढली हे खरंच, पण ती कशी काढली हे त्यांनीच लिहून ठेवलंय. मग मामांना नवी वही आणून द्या. रोज दोनच ओळी : रोजचा पंप घेतला का, आणि तातडीचा किती वेळा लागला. माग बंद राहून पुन्हा सुरू झाले त्या दिवशी छाती कशी होती, तेही. सहा आठवडे. अप्पांचा मुलगा वही लिहायला नाही म्हणणार नाही, असं मला वाटतं.

काही वेळा मात्र वही-बिही बाजूला. एक वाक्य एका दमात पुरं होत नाही, ओठ किंवा नखं निळसर दिसतात, माणूस गुंगल्यासारखा होतो, किंवा तातडीच्या पंपाने मोकळं वाटत नाही, तर बसवून ठेवा, स्पेसरमधून एकेक करत चार फवारे द्या आणि १०८ ला फोन करा. सकाळची वाट पाहू नका. बेडक्यात रक्त, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, किंवा खोकल्याची तऱ्हा बदलून दोन आठवडे झाले, तर थुंकीची क्षयासाठी तपासणी करून घ्या, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. पायांवर सूज येत असेल तर हृदयही तपासायला हवं. फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस, या दोन्हींबद्दल डॉक्टरांना विचारा.

बारा वर्षांत मामांची स्पिरोमेट्री एकदाही झालेली पत्रात दिसत नाही. नळीत जोरात फुंकायची साधी तपासणी आहे. आधी एकदा फुंकायचं, मग पंप देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा. पंपानंतर आकडे चांगले सुधारले तर दमा असण्याची शक्यता जास्त. फारसे हलले नाहीत तर विडीने आणि धुळीने झालेला सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार, असू शकतो, आणि मग औषधांची मांडणी बदलते. याच आठवड्यात छातीच्या डॉक्टरांकडे न्या, सिव्हिलच्या ओपीडीत नेलंत तरी चालेल. त्या सकाळी पंप घ्यायचा की नाही हे आदल्या दिवशी विचारून घ्या, आणि निघताना मामांना पोटभर जेवू घालू नका. दोन्ही पंप, स्पेसर, बीपीच्या गोळ्या, डोळ्यात घालायचे थेंब असतील तर तेही एका पिशवीत घ्या. काही थेंबांनीही दमा वाढतो. आणि अप्पांची वही न्या. फुल्यांची पानं डॉक्टरांना उघडून दाखवायला मामांनाच सांगा.